प्लग न लावलेल्या गाडीचा हिशेब

बँकेच्या कर्ज विभागात ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याच्या दृष्टीत एक सवय कायमची मुरते. कर्ज मंजूर करताना तारण, ताळेबंद आणि जामीनदार सारेच पाहतात. परंतु रक्कम ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी खर्च झाली का, हे पाहणारे थोडे असतात. यंत्रसामग्रीसाठी उचललेले कर्ज बंगल्याच्या रंगकामात गेले, तर हप्ते वेळेवर येत असले तरी ते खाते आमच्या लेखी निर्दोष नसे. या तपासणीला आम्ही कर्जाचा विनियोग पाहणे म्हणत असू. निवृत्तीनंतर हा शब्द पुन्हा आठवला, तो एका मोटारगाडीमुळे.

आपल्या व्यापारी कुटुंबांत नवी गाडी घेण्याचा विषय निघाला की आता पेट्रोल, डिझेल आणि वीज यांच्या जोडीला हायब्रिड हा शब्दही हमखास येतो. त्यातही दोन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ वारंवार होते. आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा किंवा होंडा सिटीच्या हायब्रिड गाड्यांना प्लग नसतो. त्यांची बॅटरी लहान असते आणि ती इंजिनामुळे व ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या शक्तीमुळे भरते. म्हणजे त्यांची सारी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. प्लग-इन हायब्रिडचे तसे नाही. तिच्यात पेट्रोलची टाकी व इंजिन तर असतेच. शिवाय बऱ्यापैकी मोठी बॅटरी असते आणि ती घरच्या विजेवर भरता येते. जवळचा प्रवास विजेवर, लांबचा पेट्रोलवर, अशी तिची रचना आहे. भारतात अशा गाड्या फारच थोड्या आहेत. युरोपात मात्र त्या सर्रास दिसतात, आणि त्यांचा खरा अनुभवही तिथलाच आहे.

आमची कन्या आणि जावई इंग्लंडमध्ये लेस्टर येथे स्थायिक आहेत. त्यांच्याकडे अशी गाडी आहे. शरद ऋतूच्या आरंभापासून नाताळपर्यंत आमचा मुक्काम तिथे होता, त्यामुळे या गाडीसोबतचे दैनंदिन जीवन जवळून पाहता आले. जावईबापूंची नोकरी लफबरोला, म्हणजे घरापासून सुमारे १८ किलोमीटरवर. जाऊन-येऊन ३६ किलोमीटर होतात. गाडीची बॅटरी १३ युनिटांची आहे आणि हवा बरी असेल तर ती ४५ किलोमीटर सहज जाते. रात्री गाडी घरापुढे लावली की तिची केबल भिंतीवरच्या सॉकेटला जोडायची, एवढेच काम. तिथल्या तीन पिनी साध्या सॉकेटवर रिकामी बॅटरी भरायला साडेपाच-सहा तास लागतात. रात्री वीज स्वस्त देणाऱ्या योजना तिथे आहेत, म्हणून घड्याळ लावून ते मध्यरात्रीनंतर भरणा सुरू करतात. सोमवार ते शुक्रवार पेट्रोलचा थेंबही जळत नाही. पेट्रोल लागते ते लंडनला नातेवाइकांकडे जाताना, कारण ते अंतर एका बाजूचे १६० किलोमीटरच्या घरात आहे.

गाडी एकच असली तरी ती चालवणाऱ्याच्या हातावर बरेच अवलंबून असते, हेही तिथे दिसले. पुढे सिग्नल लाल दिसला की जावईबापू बऱ्याच आधीपासून वेग कमी करतात. गाडी सावकाश मंदावताना तिची मोटार उलट जनित्राचे काम करते आणि बॅटरीत थोडी वीज परत जमा होते. करकचून ब्रेक दाबला तर तीच शक्ती चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाते. वेगाचा हिशेब तर शाळेत शिकलेल्या गणिताचा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ९० ऐवजी ११० किलोमीटर वेगाने गेल्यास तो सुमारे दीडपट होतो. लंडनच्या महामार्गावर ते इंजिन चालू ठेवतात व बॅटरी राखून ठेवणारे बटण दाबतात. शहरात शिरल्यावर, जिथे थांबत-थांबत जावे लागते तिथे, गाडी विजेवर नेतात. इंजिनाने बॅटरी भरण्याचेही एक बटण आहे, त्याला मात्र ते हात लावत नाहीत. पेट्रोल जाळून वीज करायची आणि मग त्या विजेवर गाडी चालवायची, यात प्रत्येक पायरीला घट येते. टायरमधील हवा दर पंधरवड्याला तपासणे आणि गाडीच्या टपावरचा रिकामा कॅरिअर काढून ठेवणे, या साध्या गोष्टींचाही उपयोग होतो.

थंडी हा या गाडीचा मोठा शत्रू आहे. ऑक्टोबरमध्ये ४५ किलोमीटर जाणारी तीच बॅटरी डिसेंबरच्या गारठ्यात ३३-३४ किलोमीटरवर संपू लागली. त्यावर उपाय असा की निघण्यापूर्वी, केबल जोडलेली असतानाच, गाडी आतून गरम करून घ्यायची. म्हणजे ती ऊर्जा बॅटरीतून जात नाही. काही कंपन्यांच्या गाड्यांत तर हीटर लावताच इंजिन सुरू होते. विकत घेण्यापूर्वी ही गोष्ट विचारून घेतलेली बरी.

आता विनियोगाकडे वळतो. जावईबापूंच्या परिचयातील एका गृहस्थांकडेही प्लग-इन हायब्रिडच आहे, मात्र ती त्यांच्या कंपनीने दिलेली. तिची केबल डिकीतल्या पिशवीत पहिल्या दिवसापासून तशीच आहे. कारण विचारले तर उत्तर सरळ होते. पेट्रोल कंपनीच्या कार्डावर मिळते. वीज घरी भरायची तर बिल स्वतःच्या खिशातून जाते. त्यांना दोष तरी कसा द्यावा? ज्या खर्चाची भरपाई होते तो खर्च माणूस करतो आणि जो अंगावर पडतो तो टाळतो, हे प्रत्येक पेढीवर दिसते.

हे एकट्या त्या गृहस्थांचे नाही. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२१ साली नोंदणी झालेल्या सुमारे सहा लाख गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधनमापकांची माहिती त्यात तपासली होती. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघाले. प्लग-इन हायब्रिडचे मात्र सरासरी साडेतीन पट. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था आणि आयसीसीटी यांनी २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत कारणही स्पष्ट झाले. खासगी मालकांच्या गाड्या जवळजवळ निम्मे अंतर विजेवर चालत होत्या. कंपनीने दिलेल्या गाड्यांत हे प्रमाण ११ ते १५ टक्के होते. प्लग न लावलेली अशी गाडी म्हणजे बॅटरी आणि मोटार यांचा जादा बोजा वाहणारी पेट्रोलची गाडीच. तिच्यावर मिळालेली करसवलत मात्र पूर्ण असते.

ही सवलत सरकारी तिजोरीतून, म्हणजे इतर करदात्यांच्या पैशातून येते. ती एका अटीवर दिलेले कर्जच आहे, फक्त अट कागदावर लिहायची राहून गेली. ब्रिटनने प्लग-इन हायब्रिडच्या खरेदीला दिले जाणारे अनुदान २०१८ मध्ये बंद केले. बेल्जियमने अधिक बारकाईने विचार केला. अँटवर्पमधील हिरे व्यापारात असलेल्या आपल्या बांधवांना तिथले नियम ठाऊक असतील. नावापुरती बॅटरी बसवून सवलत लाटणाऱ्या गाड्यांना तिथे खोटे हायब्रिड असे नावच पडले. गाडीच्या वजनाच्या दर १०० किलोमागे किमान अर्धा युनिट बॅटरी हवी आणि ठरावीक मर्यादेपेक्षा उत्सर्जन जास्त नको, अशी कसोटी तिथे लावली गेली. पुढे १ जानेवारी २०२३ पासून घेतलेल्या प्लग-इन हायब्रिडच्या बाबतीत व्यवसायाच्या हिशेबात पेट्रोल-डिझेलचा जास्तीत जास्त ५० टक्केच खर्च वजावटीस पात्र ठरला; विजेच्या खर्चावर ही मर्यादा घातली नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, त्यांनी कर्ज नाकारले नाही, विनियोगाची अट घातली.

मग खरा लाभ किती? लेस्टरचेच उदाहरण घेऊ. रोज ३६ किलोमीटर आणि वर्षाचे २२० दिवस म्हणजे सुमारे ७,९०० किलोमीटर होतात. एवढ्या वजनाची गाडी पेट्रोलवर लिटरला १४ किलोमीटर देते असे धरले तर ५६५ लिटर लागतील. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वर्षाला सुमारे १,३०० किलो. विजेवर हेच अंतर जायला, भरतानाची घट धरून, रोज ८ युनिट लागतात, वर्षाचे १,७६०. ब्रिटनच्या विजेमागे युनिटला सुमारे ०.२ किलो कार्बन धरला तर एकूण ३५० किलो होतो. लेस्टरपासून जवळच असलेले रॅटक्लिफचे वीजकेंद्र हे त्या देशातील कोळशावर चालणारे शेवटचे केंद्र होते. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ते बंद झाले. त्यामुळे तिथे रात्री लावलेला प्लग खरोखरच फळ देतो.

आता हाच हिशेब आपल्याकडे मांडू. भारतातील वीज अजून मुख्यतः कोळशावर होते आणि युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन धरावा लागतो. १,७६० युनिटांचे १,२३० किलो होतात. पेट्रोलचे शुद्धीकरण आणि वाहतूक यांत होणारे उत्सर्जन वेगळे मोजावे लागते हे खरे, तरीही इतकी जड गाडी ग्रिडच्या विजेवर चालवून मिळणारा फरक आज थोडाच आहे. घराच्या छतावर सौर पॅनल असतील तर चित्र पालटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला तीन किलोवॉट व त्यापुढील क्षमतेसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मात्र छताची वीज दिवसा तयार होते, म्हणून दुपारी गाडी घरी उभी असेल तर तिचा थेट उपयोग होतो. करांचा कल तर उघडच आहे. सप्टेंबर २०२५ मधील बदलानंतर पूर्ण विजेवरच्या गाडीला ५ टक्के जीएसटी आहे, मोठ्या हायब्रिडला ४०. आपल्याकडे प्लग-इन हायब्रिड दुर्मीळ असण्यामागे हेही एक कारण आहे.

तेव्हा परदेशी असलेल्या मुलांनी अशी गाडी घेण्याचा विचार केला, किंवा उद्या ती आपल्याकडे सुलभ झाली, तर घरातील वडीलधाऱ्यांनी काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. रोजचे अंतर बॅटरीच्या हिवाळ्यातील पल्ल्यात बसते का? गाडी उभी राहते तिथे स्वतःचा सॉकेट आहे का? रोज रात्री केबल लावणार कोण? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक नसतील, तर साधी, हलकी आणि चांगला ॲव्हरेज देणारी गाडी अधिक प्रामाणिक ठरेल. आणि रोजचा सगळाच प्रवास जवळचा असेल, तर पूर्ण विजेवरच्या गाडीचा विचार करावा.

पेढीच्या नावावर गाड्या असतील तर आणखी एक व्यवस्था करावी. मुलाला किंवा व्यवस्थापकाला विजेवरची गाडी द्यायची असेल, तर घरी भरलेल्या विजेचे पैसे पेट्रोलइतक्याच सहजतेने व्हाउचरवर मिळाले पाहिजेत. दिवाळीला नवी वही घालताना तिच्यात प्रत्येक गाडीसाठी एक पान राखावे आणि त्यावर दर महिन्याला तीन आकडे लिहावेत: किलोमीटर, लिटर आणि युनिट. प्लग असलेल्या गाडीच्या पानावर युनिटांचा रकाना सलग दोन महिने कोरा राहिला, तर त्या गाडीची केबल कुठे आहे, हे डिकी उघडून पाहावे.