चष्मा, चरखा आणि सापाचा पिंजरा

सावंगी (मेघे)चं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय दत्ता मेघे यांनी १९९० साली उभं केलं. शेजारच्या रुग्णालयाला नाव मात्र विनोबा भाव्यांचं. वर्ध्याकडे संस्थापकांची अशी दाटी आहे. या मंडळींचे चेहरे न दाखवता, नुसत्या वस्तू मांडून फोटो काढता येतील का, हे बघून लिहा, असं संपादकांचं म्हणणं. म्हणजे चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेतलं स्थिरचित्रच, फक्त पेन्सिलीऐवजी कॅमेरा.

सेवाग्रामचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. १९३६ साली गांधीजी शेगावात राहायला आले, जमीन जमनालाल बजाजांची. डाक शेगाव नावाच्या दुसऱ्या गावी जाऊ लागली म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. मला जास्त रस बापूंचे फोटो काढणाऱ्या कनू गांधींत. विनोबांचे भाऊ शिवाजी यांनी या पोराला फोटोग्राफी सुचवली, घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून रोलिफ्लेक्स कॅमेरा आला. बापूंच्या अटी तीन: फ्लॅश नको, पोझ मागायची नाही, आश्रम पैसे देणार नाही. मातीच्या भिंतींच्या झोपडीत बिनफ्लॅशचं काम करायचं, म्हणजे खिडकीतून येईल तेवढ्यावर भागवायचं! वस्तूंचे फोटो काढणाऱ्यानं आजही या तीन अटी पाळाव्यात, असं मला वाटतं.

आता चरखा. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्याच्यावर डोकं चालवलं तो पेटीचरखा. हँडल मोठ्या चाकाला, मोठ्या चाकाची माळ लहान चाकावर, लहान चाकाची चातीवर. हात सावकाश फिरतो, चाती गरगरते. पण दोन्ही चाकं पेटीत आडवी असतात. समोरून कॅमेरा लावला की चाकांच्या नुसत्या रेघा दिसतात, वरून लावला तर फोटो यंत्राच्या नकाशासारखा येतो. तिरपा कोन घ्यावा, तर पेटीचं झाकण उजेड अडवतं. सूत इतकं बारीक, की मागे काळोख आणि बाजूनं उजेड असल्याशिवाय ते दिसतच नाही. चाक फिरतं ठेवलं तर मंद शटरला ते धूसर होतं. थांबवलं की चरखा शोकेसमधला होतो. मी फिरतं ठेवायच्या बाजूचा.

चष्म्याचा मात्र धसका घ्यावा. स्वच्छ भारतच्या बोधचिन्हातून तो नोटेच्या मागच्या बाजूवरही गेला. आता तो मांडला की पाहणारा बघायचंच थांबवतो. त्यापेक्षा सेवाग्रामला बापूंच्या कचेरीतला साप ठेवायचा पिंजरा आणि टेलिफोन शेजारी ठेवा. साप पकडायचा, मारायचा नाही, आणि व्हाइसरॉयशी बोलायचं, ही दोन्ही कामं एकाच छपराखालची. हा फोटो न सांगता बरंच सांगेल.

खरी अडचण विनोबांची. पवनारला पैशाविना जगण्याचा प्रयोग करणाऱ्या माणसाची वस्तू कोणती आणायची? रुग्णालयावर नाव आहे म्हणून स्टेथोस्कोप? ती तर निव्वळ सजावट. १९५१ मध्ये पोचमपल्लीत सुरू झालेल्या भूदानाची दानपत्रं हाच त्यांचा ऐवज. पण कागद म्हणजे जमीन नव्हे. कुठे दिलेली जमीन पडीक निघाली, कुठे वाद उभे राहिले, कुठे वाटप झालंच नाही. दानपत्राचा फोटो घेतला तर ते कळत नाही. शेजारी मूठभर माती ठेवली तर श्रद्धांजली होते, हिशेब होत नाही. सातबारा ठेवावा, तर त्यावर कुणा कुटुंबाची नावं येतात आणि ती छापण्याचा आपल्याला अधिकार नाही. नावं झाकून, उताऱ्याचे रिकामे रकाने दानपत्राशेजारी ठेवावेत, असं मी संपादकांना कळवलं आहे. खाली चार ओळी लिहाव्या लागतील. वस्तूंनीच बोलावं म्हणणाऱ्यांना त्या खटकतील, पण या फोटोला त्या हव्यातच.