खजूर, रोजा आणि ‘नैसर्गिक साखर’

रमजानचा चंद्र दिसला की मशिदीबाहेरच्या गाड्यांवर खजुराचे ढीग लागतात. गिऱ्हाइकांत हिंदू शेजारीही असतात, कारण खजूर त्यांच्या उपवासालाही चालतो. खजुराबरोबर सल्ला फुकट मिळतो: ‘घ्या चाचा, ही नैसर्गिक साखर, मधुमेहाला काही होत नाही.’

यातले अर्धे खरे आहे. १०० ग्रॅम खजुरात साधारण ६५ ते ७० ग्रॅम साखर असते, आणि ती फळाचीच. सोबत सहा-सात ग्रॅम तंतू असतात, त्यामुळे ती रक्तात एकदम उतरत नाही. संयुक्त अरब अमिरातीत पाच जातींच्या खजुरांची चाचणी झाली, तेव्हा त्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स पन्नाशीच्या आसपास, म्हणजे बेताचाच निघाला. पण हा इंडेक्स साखर किती वेगाने चढते ते सांगतो, पोटात किती गेली ते नाही. मोठा मेडजूल खजूर २४ ग्रॅमचा असतो. असे तीन खाल्ले की सुमारे ५० ग्रॅम साखर झाली, म्हणजे चहाचे दहा चमचे. त्यावर लाल सरबताचा पेला वेगळाच! अजवा खजूर मदिनेचा म्हणून त्याला मान आहे, तो राहूच द्या. साखर मोजणारे यंत्र मात्र जात विचारत नाही.

खजुराने रक्त वाढते, हाही असाच समज. १०० ग्रॅम खजुरात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागते. ती भर मसूर, हरभरा, पालेभाजी, मटण-कलेजीतून घालावी लागते, आणि जेवणावर लगेच कडक चहा घेतला तर त्यातलेही कमी शोषले जाते. (शेजारच्या घरातला साबुदाणा ‘हलका’ म्हणतात, तोही जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. समजुतींना धर्म नसतो.)

आता रोजाविषयी. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले, तेव्हापासून ‘उपाशी राहिल्याने कर्करोग जातो, हे नोबेलने सिद्ध झाले’ असा संदेश दर रमजानला मोबाइलवर येतो. ओसुमींनी यीस्टच्या पेशींत ऑटोफॅजी, म्हणजे पेशी स्वतःचे टाकाऊ भाग मोडून पुन्हा कशी वापरते, हे शोधले. रोजावर त्यांनी प्रयोग केला नव्हता. वजनाचे म्हणाल, तर अनेक अभ्यासांची सरासरी पाहता महिन्यात किलो-सव्वा किलो उतरते आणि ईदनंतर बरेचसे परत येते. शीरखुर्म्याला उगाच बोल लावू नये, भजी आणि समोसे महिनाभर तळले जात असतातच. रोजा इबादत आहे. तिला औषधाच्या दुकानातले प्रमाणपत्र कशाला हवे?

हे सगळे हसण्यावारी नेता आले असते, पण मधुमेह असलेल्या घरात ते महागात पडते. २००१ मध्ये १३ देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. तीत टाइप २ रुग्णांमध्ये साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट झालेले दिसले. गोळी किंवा इन्सुलिन रोजच्याच मापाने चालू आणि पोट रिकामे, हा त्यातला मोठा धोका. आणि ती साखर खाली जाते बहुधा दुपारनंतर, घरातले सगळे इफ्तारच्या तयारीत असताना. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे दिसले की ‘आता तासाभराचाच प्रश्न आहे’ म्हणून थांबू नये.

बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे, तरी त्याच भीतीने यंत्र कपाटात पडून राहते. तपासणीत आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर आला, तर रोजा तिथेच सोडावा, असे आंतरराष्ट्रीय मधुमेह तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. कुरआनच्या सूरह बकरहमध्ये आजारी माणसाला सवलत आहे: बरे झाल्यावर राहिलेले रोजे धरावेत, ज्याला ते कधीच झेपणार नाही, त्याने फिदया म्हणून गरिबाला जेवू घालावे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आजच डॉक्टरांकडे जा, आणि सहेरीची कोणती, इफ्तारची कोणती, हे त्यांच्याकडूनच लिहून आणा.