भिंत तुमची, चित्र कोणाचं?

सकाळी दार उघडलंत आणि घराच्या भिंतीवर रातोरात कुणीतरी चित्र रंगवून गेलंय! काय कराल? रंगाऱ्याला फोन? थांबा, आधी चित्रकार कोण ते बघा.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये हेच झालं. व्हेल स्ट्रीट म्हणजे २२ अंशांचा खडा चढ. तिथल्या एका टोकाच्या घरावर एक आजी अवतरली. डोक्याला रुमाल आणि शिंक अशी सणसणीत की कवळी, काठी, पर्स सगळं हवेत! ऐन कोरोनात असला खट्याळपणा करणार कोण? अर्थातच बँक्सी. इन्स्टाग्रामवर त्याने कबुलीही दिली. गंमत म्हणजे घर विकायला काढलेलं, व्यवहार शेवटच्या टप्प्यावर. आता विकायचं काय, घर की चित्र?

वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची गोष्ट मात्र चटका लावते. डिसेंबर २०१८. एका गॅरेजच्या भिंतीवर जिभेवर बर्फ झेलणारा मुलगा. कोपरा वळलात की कळतं, बर्फ कसला, ती जळत्या कचऱ्याची राख! पोलाद कारखान्याच्या या गावाला चित्र लगेच आपलं वाटलं. बघ्यांची ही गर्दी! कुंपण घालावं लागलं. २०१९ मध्ये एका गॅलरीवाल्याने ते विकत घेतलं, भिंतीसकट हलवलं. तीनेक वर्षं ते गावातच राहिलं आणि २०२२ मध्ये गेलं.

मालकाचा हक्क पक्का, मान्य. पण गावाची हळहळ कोणत्या कागदावर मांडणार? तुमची भिंत असती तर?