आईनेच वळण लावले, मग लेकी निर्दोष?

कोल्हापूरच्या अंजनाबाई गावित व तिच्या मुली रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांचे नाव निघाले की आजही आयाबाया लेकराला पोटाशी धरतात. १९९० ते १९९६ या काळात गर्दीतून लहान मुले पळवायची, चोरी करताना त्यांना ढालीसारखे पुढे करायचे आणि ती ओझे झाली की त्यांचा जीव घ्यायचा, असा या मायलेकींचा धंदा! १३ मुलांच्या अपहरणाचा आणि त्यांपैकी ९ मुलांच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर होता. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई १९९७ साली कोठडीतच मेली. शिक्षा भोगायला उरल्या त्या लेकी. २००१ मध्ये त्यांना फाशी सुनावली गेली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

वर्ध्यात महिलांच्या एका बैठकीत हा विषय निघाला. एक बाई म्हणाल्या, "मायनंच तसं वळण लावलं, त्या पोरीयचा काय दोष?" दुसरी ताडकन बोलली, "मंग मेलेल्या लेकरायचा काय दोष होता?" बैठक गप्प झाली.

कायदा मात्र गप्प नाही. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला समज होती काय, हे पाहिले जाते. वेडामुळे आपण काय करतो हेच ज्याला उमगत नाही, त्याला जुन्या दंडविधानाच्या कलम ८४ ने संरक्षण दिले होते. नव्या न्याय संहितेतही ते आहे. वाईट संगोपनाची सूट यात कुठेच नाही, आणि ती नसावी असेच मला वाटते. अंगुलिमालाची कथा आपण विहारात ऐकतो. गुरूच्या शब्दावरून तो हत्यारा झाला, पण लोकांचे दगड त्यालाच सोसावे लागले, गुरूला नव्हे.

शिवाय वळणाची भाषा आपण तरी जपून वापरावी. "त्यांच्यात तसंच असतं" असे म्हणूनच इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पाळण्यातल्या पोरांनाही गुन्हेगार ठरवले. तो रद्द व्हायला १९५२ उजाडले, आणि पोलिसांच्या नजरेतून तो अजून गेलेला नाही! उलट पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील आरोपी चित्रकलेच्या कॉलेजात शिकणारी पोरे होती. त्यांनी दहा खून केले, चौघे १९८३ मध्ये फासावर गेले. तेव्हा कुणी त्यांच्या जातीचे वळण काढले नाही.

मग बालपणाला काहीच किंमत नाही काय? आहे, पण ती शिक्षेचे माप ठरविताना. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने सांगितले की गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहा. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले: फाशीचा प्रश्न असेल तेथे आरोपीचे घर, शिक्षण, लहानपण व मानसिक अवस्था यांची माहिती खालच्या कोर्टानेच मागवावी.

गावित भगिनींच्या बाबतीत हे फार उशिरा आले. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली होती. कारण एवढेच की दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला सरकारने जवळजवळ आठ वर्षे लावली. त्या पोरी शाळेत कधी गेल्या काय, आईने त्यांना चोरीला प्रथम केव्हा नेले, हा त्या निकालाचा प्रश्नच नव्हता.