शाळेच्या भिंतीवरील वीरचित्र

रणात पडलेल्या तरुणाचे चित्र दर्शनी जागी उभे करण्याची रीत कोकणास नवी नाही. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो : तळाशी लढाई, मध्ये वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवपूजा व माथ्याशी चंद्रसूर्य. परंतु पुष्कळ वीरगळांवर नाव नाही; त्यामुळे तो वीर कोण, हे आज गावासही सांगता येत नाही. शहापूर-मुरबाडकडील शाळेच्या भिंतीवर गावच्या जवानाचे चित्र काढावयाचे झाल्यास ही उणीव राहू देऊ नये. नाव, गाव, पलटण व तारखा चित्रातच ठळक लिहाव्यात.

माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील इतर सर्व जण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर चालून गेले, ते त्यांनी जिंकले व लगेच गोळी लागून पडले. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी ज्ञात नाही. कासिनो येथील स्मारकावर केवळ नाव आहे. २०२३ च्या जुलैत इटलीतील मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. त्यात बंदूक नाही, पडलेला देहही नाही. सावली तेवढी सरकते. पहिलीच्या मुलांसमोर रक्तपाताचे चित्र ठेवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

चित्राचा कच्चा आराखडा प्रथम घरच्या मंडळींस दाखवावा. पाहुणे चित्र एकदा पाहतात. त्या माउलीस मात्र पाणी भरावयास जाता-येता रोज त्या भिंतीवरून जावे लागते. तिने नको म्हटल्यास चित्र काढू नये.

भिंत निवडताना पश्चिमेची टाळावी. पावसाचा झोत तिकडूनच येतो. ओटीवरील, पत्र्याच्या आडोशाची भिंत उत्तम. वारली मुलांकडून भोवतीची चौकट काढून घेतल्यास शोभा येते. परंतु त्यांच्या घरांतील तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग बाहेरील भिंतीवर पावसात टिकत नाही, तेथे बाहेरच्या भिंतीचा तयार रंगच वापरावा. नव्या गिलाव्यावर तो पुरता वाळल्याखेरीज रंग लावू नये. काम दिवाळीनंतर घ्यावे. ओल जमिनीकडून वर चढते, म्हणून चेहरा व नाव कमरेच्या उंचीच्या वर ठेवावे.