रोममधलं परगेटरीचं म्युझियम

रोममध्ये टायबर नदीच्या काठावर, व्हॅटिकनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, गॉथिक धाटणीचं एक चर्च आहे. आत छोटंसं दालन. काचेमागे जुनी प्रार्थनापुस्तकं, कापडं आणि त्यांवर चक्क बोटांचे जळके ठसे! आपल्यासाठी प्रार्थना करा, असं सांगायला मृतांच्या आत्म्यांनी ते उमटवले, असा दावा. १८९७ मध्ये इथल्या चॅपेलला आग लागली, भिंतीवर चेहऱ्यासारखा डाग दिसला आणि फादर विक्टर जुए यांनी असा ऐवज जमवायला घेतला.

हे ठसे खरे मानायची सक्ती चर्च करत नाही. मलाही ते पटत नाहीत. पण मूळ कल्पना विलक्षण आहे. कॅथलिक श्रद्धेनुसार देवाच्या कृपेत मरण आलेला, पण पुरता शुद्ध न झालेला आत्मा स्वर्गाआधी शुद्ध होतो. ती अवस्था म्हणजे परगेटरी. नरकातून सुटका नाही. इथल्याला मात्र स्वर्ग नक्की! जिवंतांच्या प्रार्थना आणि मिस्सा त्याला मदत करतात. म्हणून २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईतले कॅथलिकही कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात.

बहुतेक प्रोटेस्टंटांना हे अमान्य. बायबलमध्ये आधार नाही, असं त्यांचं म्हणणं. ऑर्थोडॉक्स मंडळी मृतांसाठी प्रार्थना करतात, पण परगेटरीचा सिद्धान्त मानत नाहीत. खुद्द कॅथलिकांतही आत्म्याला शुद्ध करणाऱ्या परगेटरीच्या आगीचा अर्थ बदलत गेलाय. तो अग्नी म्हणजे ख्रिस्ताचीच भेट, या काही ईशज्ञानी अभ्यासकांच्या मताची दखल पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या परिपत्रकात घेतली होती.