टाच टेकवणारा बूट

सेरेब्रल पाल्सी असलेली अनेक मुलं चवड्यांवर चालतात. वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच इजा झालेली असते. ती इजा वाढत नाही, पण मूल वाढतं. हाड लांबतं, ताठरलेली पोटरी मागे पडते आणि टाच वर ओढली जाते. ती खाली टेकवण्यासाठी डॉक्टर ‘एएफओ’ (अँकल-फूट ऑर्थोसिस) लिहून देतात. घरात त्याला कुणी स्प्लिंट म्हणतं, कुणी बूट.

हा बूट मापाच्या नंबरावर मिळत नाही. तो बनवणारा ऑर्थोटिस्ट घोटा काटकोनात धरून पायावर प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतो. तो साचा उतरवून त्यात प्लॅस्टर ओतलं की मुलाचा पाय टेबलावर उभा राहतो. घोट्याच्या हाडाला काच बसू नये म्हणून तिथे थोडा थर चढवायचा, बाकी कानशीनं घासायचं. मग भट्टीत मऊ केलेला पॉलीप्रॉपिलीनचा पत्रा त्यावर ओढून मधली हवा पंपानं शोषून घ्यायची. शेवटी कडा गुळगुळीत करून वेल्क्रोचे पट्टे लावायचे.

पुढचं काम घरचं. धुळ्यातल्या देवपूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, प्लॅस्टिकमध्ये पाय घामेजतो. आत सुरकुती न पडणारा सुती मोजा हवाच. बूट काढल्यावर दिसणारा लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही, तर बूट दुरुस्तीला न्यायचा. शिवाय आपलं जगणं जमिनीवरचं. ताठ एएफओत उकिडवं बसता येत नाही. बिजागरीचा एएफओ चवडा खाली पडू देत नाही, पण नडगीला पुढे झुकू देतो. तो प्रत्येकाला चालत नाही. तरी मूल घरात कसं बसतं-उठतं, हे आईनं तपासणीत सांगायलाच हवं.

बुटाखेरीज याच मुलांसाठी अंतराळवीरांच्या ‘पेंग्विन’ सूटवरून रशियात लवचीक पट्ट्यांचा ‘अडेली’ सूट निघाला. नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा तो ठामपणे सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी कुणी शेत गहाण ठेवू नये.

मुंबईत हाजीअलीला 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. 1972 मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईतच स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. पण धुळ्याहून मुंबई तीनशे किलोमीटरच्या पुढे, आणि वाढत्या पायाला वर्षभरातच बूट अपुरा पडू शकतो. शिबिरात एकदा वाटप करून हे काम संपत नाही. पट्टा बदलणारा, कड घासून देणारा, नवा साचा घेणारा कारागीर जिल्ह्यातच बसला पाहिजे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचं नाव आहे. त्या हक्काचा अर्थ इतका जवळचा असायला हवा.